आक्कांच्या वडिलांचं जर्मन बक्कल

माझ्याकडे जर्मन पट्ट्यांची त्रेपन्न बकलं आहेत आणि त्यातलं एकही मी कधी कंबरेला लावलेलं नाही. हे सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. एक म्हणजे, जर्मन म्हणजे भांड्याचं जर्मन का? आणि दुसरा, हे कशासाठी? पहिल्याला मी नीट उत्तर देते, की भांड्याचं नव्हे, देशाचं, आणि धातू बहुतेक पितळ. दुसऱ्याला उत्तर द्यायला मी बांधलेली नाही.

हा नाद धंद्यातून लागला. सोलापुरात आमचं गणवेशाच्या सामानाचं दुकान आहे. शाळेचे पट्टे, बँडवाल्यांच्या खांद्यावरच्या झालरी, सिक्युरिटीवाल्यांचे बिल्ले असा माल. दुकानामागच्या खोलीत वडिलांनी बसवलेला हातप्रेस आहे, त्यावर आम्ही पितळी पत्र्याची बकलं पाडतो. वडील गेल्यावर दुकान माझ्याकडे आलं. एकदा भंगारातून आणलेल्या पितळेत मला एक बक्कल सापडलं. त्याच्या कडा इतक्या स्वच्छ उठलेल्या होत्या की मला आमच्या मालाची लाज वाटली. ते जर्मन निघालं, आणि माझं डोकं फिरलं ते अजून जाग्यावर आलेलं नाही. परदेशातून पाकीट आलं की पोस्टमन सही घेताना विचारतो, "आज परत लोखंड का, ताई?"

मी फक्त दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली बकलं घेते. त्या वर्षांत तिकडे चार माणसं एकत्र आली की संघ काढायची, आणि संघ निघाला की आधी बक्कल पाडायची. अग्निशमनवाले, कसरतवाले, डोंगर चढणारी पोरं, रेल्वेचे नोकर, वाजंत्री, सगळ्यांचं बक्कल वेगळं. पुढे हुकूमशहा आला आणि सगळ्यांच्या पोटावर एकच खूण बसली. ती बकलं बाजारात सर्वांत जास्त मिळतात आणि सर्वांत जास्त खोटीही तीच असतात. मला ती फुकट दिली तरी नकोत.

खरंखोटं करणं हा यातला खरा आनंद. खरं बक्कल ठशाने दाबलेलं असतं, त्यामुळे पुढे जेवढा उठाव तेवढीच मागे खोली. खोटं बहुधा ओतलेलं असतं, भिंगाखाली त्यात टाचणीने टोचल्यासारखी छिद्रं दिसतात. कानशीने घासून जुनं केलेलं बक्कल सगळीकडून सारखं झिजतं. माणसाने वापरलेलं मात्र एका अंगाने झिजतं, कारण पट्टा काढताना अंगठा रोज तिथेच टेकतो. जर्मनीतल्या एका लहान गावात एक निवृत्त दंतवैद्य आहेत, त्यांच्याशी माझा ईमेलवर पत्रव्यवहार चालतो. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, पण त्यांनी दोनदा माझ्या सांगण्यावरून आपली बकलं खोटी म्हणून बाजूला काढली आहेत. मला याचा गर्व होता. होता असंच म्हणते.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या वाचनालयाने गिरणी कामगारांच्या घरातल्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. वस्तूपुढे कार्ड लागणार, कार्डावर त्या कामगाराचं नाव आणि हकीकत. लोक वाटेल ते परदेशी म्हणून आणतील, या भीतीने चिटणीसांनी नियम केला की परदेशी म्हणून सांगितलेल्या वस्तूला जाणकाराची सही पाहिजे. सही नसेल तर वस्तू मांडायची नाही. धातूच्या वस्तूंना जाणकार म्हणून त्यांनी मला नेमलं. मी आढेवेढे घेतल्यासारखं केलं आणि लगेच हो म्हटलं.

प्रदर्शन सोमवारी उघडणार होतं. शुक्रवारी दुपारी दुकानात एक म्हातारी आली, ऐंशीच्या घरातली, ताठ. तिला स्कूटरवरून आणणारा भाचा मागे हेल्मेट काखेत धरून उभा होता. गिरणीच्या जुन्या चाळीत सगळे तिला आक्का म्हणतात, म्हणून मीही आक्काच म्हणू लागले. तिने टॉवेलची घडी उलगडून एक पट्टा काउंटरवर ठेवला. चामडं वाळून कडक झालेलं. पितळी बक्कल चौकोनी, आणि मधोमध जिथे काहीतरी चिन्ह असायला हवं तिथे रिकामी गोल जागा, तीत राखाडी डाखाची, म्हणजे जोडाला ओतलेल्या कथलाची, एक वळी.

"माझा बाप गिरणीत फिटरच्या हाताखाली व्हता," आक्का म्हणाली. "नवे माग बसवायला जर्मन फिटर आलता. एक दिस दुपारचं पिंजणखात्यात कापसाला आग लागली. ह्या दोघांनी वल्ली पोती टाकून विझवली. जाताना त्या सायबानं आपल्या कंबरचा पट्टा सोडून बापाला दिला. त्यो त्याच्या गावात आगी विझवायच्या पथकात व्हता म्हनं. ह्याच्यावर टोप आन दोन कुऱ्हाडी व्हत्या."

"त्या टोप-कुऱ्हाडी कुटं गेल्या, ते इचारा की," भाचा म्हणाला.

त्यावरून मला कळलं की या घरात ही हकीकत म्हणजे चेष्टेचा विषय होता. कुणी फुगवून सांगायला लागलं की म्हणायचे, झाला का पट्टा सुरू. आक्काचा बाप मरेपर्यंत 'थापाड्या' म्हणूनच ओळखला गेला. त्याला कुणी कुऱ्हाडी कुठायत असं विचारलं की तो गप्प बसायचा, आणि गप्प बसला म्हणजे खोटं असणार, असा सगळ्यांचा हिशेब.

"माझा बाप खोटं बोलत न्हवता," आक्का म्हणाली. "तुमी सही द्या. त्याच्या नावानं तितं कार्ड लागू दे. मला दुसरं काय बी नको."

मी बक्कल उचललं, दोन मिनिटं पाहिलं. पुढून घासून घासून लख्ख केलेलं, शिक्का नाही, मध्ये कोरी जागा. आमच्याकडे बँडवाले अशीच बकलं घेतात, मधल्या कोऱ्या जागेवर आपल्या बँडची अक्षरं डाखून घेतात. पंचवीस वर्षं तो माल विकल्यावर मला समोर दुसरं काही दिसलंच नाही. भिंग खणात होतं, ते काढायचेही कष्ट मी घेतले नाहीत.

"आक्का, हे इथलंच आहे," मी म्हटलं. "बँडवाल्यांचं. कदाचित आमच्याच प्रेसवर पाडलेलं असेल. तुमच्या वडिलांना कुणीतरी फसवलं असणार."

भाचा हसला. आक्काने टॉवेलची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"पट्टा ऱ्हाऊ दे हितंच," ती म्हणाली. "घरी नेऊन काय करू आता."

ती गेल्यावर मी चहा मागवला आणि चवीने प्यायले. आपण किती सडेतोड आहोत याचं मला कौतुक वाटत होतं. हे लिहिताना अजूनही माझे कान गरम होतात.

शनिवारी सकाळी आमचे चाचा कामावर आले. चाचा वडिलांच्या वेळेपासून आमचा प्रेस चालवतात. त्यांनी काउंटरवरचा पट्टा उचलला आणि बक्कल उलटं केलं. मी कालच्या दुपारी नेमकी तीच बाजू पाहिली नव्हती.

"ताई, ये अपना नै," ते म्हणाले.

"कशावरून?"

"अपने ठप्पे का कोना टूटेला है ना. अपने हर माल पे दाग आता. इसपे किधर है?" मग त्यांनी मधल्या वळीवर नख फिरवलं. "और ये चकती टूटी नै. टूटती तो पत्रा खिंचता, फटता. किसीने नीचे से बत्ती लगाको हल्लू उतारी सो है."

मी खणातून भिंग काढलं. जे शुक्रवारी करायचं ते शनिवारी केलं. मागची खोली पुढच्या उठावाशी तंतोतंत जुळत होती. आकडा एकाच अंगाने झिजलेला. वरच्या कोपऱ्याशी अंगठ्याची जागा गुळगुळीत. डाखाची वळी पूर्ण गोल नव्हती, घोड्याच्या नालेसारखी खालून उघडी होती. माझ्या कपाटातल्या दोन खऱ्या बकलांवर हुबेहूब असाच डाख आहे. हे सगळं माझ्या हातात होतं आणि मी एका म्हाताऱ्या बाईला तिच्या भाच्यासमोर, तिचा बाप फसला म्हणून सांगून मोकळी झाले होते. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

दंतवैद्यांना फोटो पाठवले. दुपारी उत्तर आलं, नमुन्यादाखल एका शाबूत बकलाच्या फोटोसकट. पत्रा बरोबर आहे, लहान गावांच्या अग्निशमन पथकांचा असाच असायचा, पण मधली चकती नसताना मी सही करणार नाही आणि तुम्हीही करू नये. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. कोऱ्या बकलावर मी टोप आणि कुऱ्हाडी आहेत असं लिहून दिलं असतं तर मीही पट्टाच सुरू केला असता.

रविवारी सकाळी पट्टा पिशवीत घालून मी चाळीत गेले. किमान माफी तरी मागायची, एवढंच ठरवलं होतं. आक्काने दार उघडलं. केस ओले, हातात तांब्या.

"आक्का, मी चुकले," मी दारातच म्हणाले. "हे बक्कल जर्मनच आहे. पण मधली चकती नाही, त्यामुळे तुमच्या वडिलांचं बोलणं मला सिद्ध करता येत नाही."

ती दारातून बाजूला झाली. "मंग बस," ती म्हणाली. शुक्रवारची 'तुमी' मी आता 'तू' झाले होते. "आज रविवार हाय, देव धुऊन घेते. मंग च्या टाकते."

मी चटईवर बसले. तिने देव्हाऱ्यातले टाक काढून ताम्हनात घेतले. टाक आमच्याकडेही आहेत, चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेले देव, मागून पोकळ. आक्काचे तीन तसेच होते. चौथा गोल होता आणि जरा जाड. तिने तो तळहातावर घेतला, पाणी सोडलं आणि मागची बाजू धुवायला उलटा केला.

मागे राखाडी डाख होता. घोड्याच्या नालेसारखा, खालून उघडा.

मी चटईवरून पुढे सरकले. "आक्का, हा टाक कुणी केला?"

"त्यो केलेला न्हाय. आमचा खंडोबा हाय त्यो. माझ्या आजीनं आनला. आजी वैरागची. हितं आली तवा घरात देव न्हवते, थोरल्या दिराकडं व्हते. ती म्हनायची, आमचा खंडोबा आगीतनं आला."

"मला दाखवता?"

तिने तळहात पुढे केला. तीन पिढ्यांच्या अंघोळींनी उठाव मऊ झाला होता आणि खाचांत हळद-कुंकू दगडासारखं बसलं होतं. वर मंदिलासारखं काहीतरी, त्याला तुरा. खाली तलवारीसारखे दोन आडवे खांडे. भोवती पानांची कडा. कुणीही म्हटलं असतं की हा सोलापूरजवळच्या बाळे गावचा खंडोबा आहे. मीही हात जोडले असते. पण माझ्या फोनमध्ये दंतवैद्यांनी पाठवलेला एका शाबूत बकलाचा फोटो होता. त्यात तुऱ्याचं शिरस्त्राण होतं, खाली दोन कुऱ्हाडी, भोवती ओकच्या पानांची कडा.

मी तोंडाची फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे. त्या सकाळी मात्र मी आधी विचार केला. बाप खरा ठरवायचा तर बाईचा देव खोटा ठरणार होता, आणि ती ओल्या केसांनी त्याला हातात घेऊन बसली होती. शेवटी मी फोनच तिच्यापुढे धरला.

तिने फोटो पाहिला. मग टाक पाहिला. परत फोटो पाहिला. खालच्या मजल्यावर कुणीतरी शेंगा कुटत होतं.

"चामड्याला देव," ती सावकाश म्हणाली. "आजीनं बघितलं आसंल, पोराच्या कंबरला, चामड्याला देव लावलाय. त्यो पाळीवर गेल्यावर कल्हईवाल्याकडनं सोडवून घेतला आसंल. तिला वाटलं, आगीतनं देव घरी आला."

"असंच झालं असणार."

"म्हंजे बापाला ठावं व्हतं." तिने टाक ताम्हनाच्या काठावर टेकवला. "दर रविवारी त्यो ह्याच्यापुढं हात जोडून उभा ऱ्हायचा. लोक इचारायचे कुऱ्हाडी कुटं गेल्या, आन कुऱ्हाडी ह्या हितं, चार हातावर. तरी बोलला न्हाय. आजीचा देव मोडंल म्हनून बोलला न्हाय. आन आजी गेल्यावर माझी आय व्हती की ह्याच्यापुढं."

मला रडू आलं. आक्का रडली नाही. पदराने तिने टाक पुसला.

"जोडून बग," ती म्हणाली. "पर चामडं लागता कामा नये."

मग आम्ही कामाला लागलो. मी बक्कल चामड्यातून सोडवलं. आक्काने चामडं दाराबाहेर ठेवायला लावलं, माझे हात धुवायला लावले आणि बक्कलही ताम्हनात धुतलं. जुनं बक्कल पाण्याने धुणं हा आमच्या छंदातला सर्वांत मोठा गुन्हा. दंतवैद्य तिथे असते तर त्यांना घाम फुटला असता. मी निमूट पाहत राहिले. तिने पाटावर बक्कल ठेवलं आणि चकती स्वतःच्या हाताने त्यावर टेकवली. बसेना. तिने ती थोडी फिरवली, आणखी थोडी फिरवली. डाखाची नाल नालेवर आली, चकतीवरचा डाखाचा एक बारीक थेंब बकलावरच्या खळग्यात गेला, आणि चकती टक् आवाज करून बसली.

मी ओरडलेच. शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. दोन्ही गुडघे दुखत असताना मी त्या चटईवर उभी राहून टाळ्या वाजवल्या. आजवर कपाटात आलेल्या कुठल्याही बकलाने मला एवढा आनंद दिलेला नाही, आणि हे तर माझं नव्हतंही.

"आक्का, मग आता हा देव की बक्कल?" मी भीत भीत विचारलं.

"तीन पिढ्यांची हळद लागलीया त्याला," ती म्हणाली. "आता त्यो देवच की. आन बक्कल बी हाय. दोनी हाय म्हनून काय बिघडतंय?"

मी तिथूनच फोटो पाठवले. तिने चहा दिला, तो संपायच्या आत उत्तर आलं. दंतवैद्यांनी लिहिलं होतं की शंकेला जागा नाही, अभिनंदन. खाली एक ओळ होती. त्या खाचांतलं लाल-पिवळं काय आहे ते कळलं नाही, पण कृपा करून ते साफ करू नका. मी आक्काला वाचून दाखवलं. "शाना मानूस हाय," ती म्हणाली.

सोमवारी वाचनालयाच्या सभागृहात आक्का देव ताम्हनात घेऊन आली. संध्याकाळी तो परत घरी न्यायचा, या अटीवर. ताम्हनाशेजारी पाटावर बक्कल ठेवलं, चामड्याचा पट्टा टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला. कार्ड मी रात्रीच तयार केलं होतं. त्यात ठसा, डाख, धातू, झीज असं सगळं चौदा ओळींत होतं. आक्काने ते चिटणीसांकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, "ह्यात माझा बाप कुटंय?" मी कार्ड फाडलं. तिने सांगितलं तसं दुसरं लिहिलं, वर तिच्या वडिलांचं नाव घातलं आणि खाली जाणकार म्हणून सही केली. चिटणीसांना म्हटलं, शुक्रवारी मी याला बँडवाल्यांचं म्हटलं होतं, तेही हवं तर लिहा. ते म्हणाले, जागा नाही.

अकराच्या सुमाराला भाचा आला. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. ताम्हन, हळद, कुंकू पाहून त्याने सवयीने चपला काढल्या आणि हात जोडले. घरचा देव त्याने लगेच ओळखला, आणि तो इथे कसा, हे त्याला कळेना.

आक्का खुर्चीवर बसली होती. ती उठली नाही.

"पाया मागनं पड," ती म्हणाली. "आदी कार्ड वाच. मोठ्यानं."

त्याने वाकून वाचायला सुरुवात केली. "हा पट्टा माझ्या बापाला जर्मन फिटरनं दिला. दोघांनी मिळून कापसाची आग विझवली होती. टोप आणि कुऱ्हाडी आमच्या देव्हाऱ्यात होत्या." पुढच्या ओळीवर तो थांबला. त्याने ताम्हनाकडे पाहिलं, बकलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती ओळ त्याने तोंडातल्या तोंडात वाचली.

"ऐकू न्हाय आलं," आक्का म्हणाली.

त्याने घसा साफ केला आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा वाचलं, "माझा बाप खरं सांगत होता."